खनिज मोजले जाते, माणूस मोजला जात नाही

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अंमलात आणल्या. संपाच्या हक्कावर आणि नोकरीच्या शाश्वतीवर या संहितांनी जो घाला घातला आहे त्याविषयी कामगार चळवळीने पुष्कळ लिहिले व बोलले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु या संहितांतील एका आकड्याकडे चळवळीचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानुसार यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागी दहा आणि न वापरणाऱ्या जागी वीस कामगार असले की ती जागा 'कारखाना' ठरत असे. नव्या संहितेने दहाचे वीस आणि विसाचे चाळीस केले. वरवर पाहता हा व्याख्येतील किरकोळ फेरफार आहे. प्रत्यक्षात असंख्य छोट्या उद्योगांतील कामगार सरकारी गणतीच्या मुख्य चौकटीतून बाहेर ढकलले जाण्याचा मार्ग त्याने मोकळा केला आहे.

आपल्या देशात कारखानदारीविषयीची सर्वात विस्तृत सरकारी पाहणी म्हणजे वार्षिक उद्योग पाहणी. किती भांडवल गुंतले, किती माल निघाला, मजुरीवर किती खर्च झाला, कायम कामगार किती व कंत्राटी किती, हे सारे या पाहणीतून कळते. कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे चाळीस टक्के आज कंत्राटदाराच्या हाताखाली राबतात, हे सत्य आम्ही सभांतून सांगतो तेव्हा आधाराला याच पाहणीचे आकडे असतात. पण ही पाहणी मुख्यतः फॅक्टरी कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांच्या यादीवर उभी राहिलेली आहे. यादी आखडली की पाहणी आखडते. शिवाय खाणींवर वेगळा कायदा असल्यामुळे खाणी या पाहणीत मुळातच येत नाहीत. त्यांची गणती दुसऱ्या खात्यांकडे आहे. या दोन चौकटींच्या मधल्या फटीत कोण राहतो, तेच पाहावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बस्सी हे तहसिलीचे गाव आहे. तेथे औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेला जमवारामगढचा डोंगराळ मुलूख आणि पूर्वेला दौसा जिल्हा. या पट्ट्यात शंखजिऱ्याच्या खाणी आहेत, आणि दौश्यापलीकडील सिकंदरा हे तर दगड कोरणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. अशा भागात दगड दळून त्याची भुकटी करणारी एखादी गिरणी आहे व तेथे पंधरा माणसे कामाला आहेत, असे समजा. दगड फोडून यंत्रात टाकणे, पिठासारखी भुकटी गोणीत भरणे, गोण्या शिवणे आणि ट्रकवर चढवणे हे त्यांचे काम. आता ही पंधरा माणसे सरकारच्या कोणत्या वहीत सापडतील, याचा शोध घ्या.

फॅक्टरी कायद्याच्या जुन्या व्याख्येप्रमाणे ही गिरणी कारखाना ठरली असती. परंतु राजस्थानात वसुंधरा राजे सरकारने २०१४ सालीच कायद्यात दुरुस्ती करून ही मर्यादा दुप्पट केली होती. आज सबंध देशावर जे लादले गेले त्याची रंगीत तालीम तेथे अकरा वर्षे आधी झाली. त्यामुळे पंधरा माणसांची गिरणी त्या राज्यात तेव्हापासूनच कारखाना राहिलेली नाही. गिरणी ही खाणही नाही, म्हणून खाणींची विवरणपत्रे तिला लागू नाहीत. राहता राहिली ती कंपनी म्हणून नोंद नसलेल्या छोट्या उद्योगांची नमुना पाहणी. तीत ही गिरणी निवडली गेलीच, तर पाहणीदार मालकाला किंवा त्याच्या मुनीमाला गाठून माणसे किती असे विचारील आणि मिळेल ते उत्तर लिहून घेईल. (हा पाहणीदार स्वतःही पुष्कळदा कंत्राटीच असतो. देशातील कंत्राटी मजुरांची गणती कंत्राटी मजुरांकडून करून घेणारे हे राज्य आहे!)

आता गिरणीला दगड पुरवणाऱ्या खाणीकडे वळू. तिची स्थिती याहून बिकट आहे. छोट्या उद्योगांची जी नमुना पाहणी आताच सांगितली ती कारखानदारी, व्यापार व सेवा या तीन क्षेत्रांपुरती मर्यादित आहे. खाणकाम तीत नाही. खाणींची माहिती गोळा करण्याचे काम नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडे आहे. १ मार्च १९४८ रोजी स्थापन झालेले हे खाते महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असेल. प्रत्येक खाणपट्टेदाराने दरमहा व दरवर्षी किती खनिज काढले, किती विकले, कोणत्या भावाने विकले आणि किती माणसे लावली, याचे विवरणपत्र या खात्याकडे पाठवावे असा नियम आहे. कोळसा मात्र वेगळ्या खात्याकडे, अपघात व व्यवसायजन्य रोग धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, आणि 'गौण' ठरवलेली खनिजे राज्य सरकारांकडे. गौण या शब्दात आपल्या प्रश्नाची मेख आहे. वाळू, मुरूम, इमारतीचा दगड, खडी ही गौण खनिजे. देशातील सर्वात असंघटित खाणकामगार याच खनिजांत राबतो. वाघोलीच्या खडीयंत्रांवर वडार समाजाच्या कित्येक पिढ्या राबल्या, त्या गौण खनिजातच. १९५२ च्या खाण कायद्याने तर अशा खाणींना कायद्याच्या बहुतेक तरतुदींतूनच सूट दिली होती. खोली सहा मीटरच्या आत, माणसे पन्नासांपेक्षा अधिक नाहीत आणि सुरुंग लावला जात नाही, या तीन अटी पुऱ्या झाल्या की पुरे. या अटी पुऱ्या होतात की नाही हे सांगणाराही मालकच. पन्नासावा मजूर कोठे संपतो आणि एक्कावन्नावा कोठे सुरू होतो, हे हजेरीपुस्तकच नसलेल्या खाणीत ठरवावयाचे तरी कोणी?

१० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एका अधिसूचनेने ३१ प्रमुख खनिजे गौण ठरवून टाकली. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, बॅराइट, चिनी माती, जिप्सम, सिलिका वाळू, शंखजिरे ही सारी त्या यादीत होती. राज्यांना अधिकार देण्याचे कारण पुढे करण्यात आले. राज्यांच्या अधिकारांना आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु त्या एका फटकाऱ्यासरशी या खनिजांच्या खाणींची नागपूरच्या खात्याकडे येणारी विवरणपत्रेही थांबली, आणि राज्यांच्या खाण खात्यांना मुख्यतः रस आहे तो स्वामित्वधनात. आता दहा वर्षांनी, २० फेब्रुवारी २०२५ रोजी, यांपैकी चार खनिजे म्हणजे बॅराइट, फेल्डस्पार, अभ्रक व क्वार्ट्झ पुन्हा प्रमुख ठरवण्यात आली. का? या खनिजांच्या खडकांत लिथियम, टँटलम यांसारखी मोलाची धातुखनिजे सापडतात, विद्युत घटमाला व अणुउद्योगाला ती हवी आहेत, आणि पट्टेदारांनी त्यांची नोंद करणे जरूर आहे म्हणून! क्वार्ट्झच्या धुळीने फुफ्फुसे दगडासारखी होतात, ही गोष्ट तर या खात्यांना कित्येक दशके ठाऊक होती. तेवढ्यासाठी कोणी अधिसूचना काढली नाही. शंखजिऱ्याच्या खडकात लिथियम नाही, त्यामुळे ते गौणच राहिले.

सरकार खनिज मोजू शकते, त्याने मनावर घेतले तर फार बारकाईने मोजू शकते, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात काय झाले ते आठवा. नोव्हेंबर २०१० मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाने लोहखनिजाचे उत्पादन, निर्यात आणि परवानग्या यांचे आकडे एकमेकांसमोर ठेवले आणि २०१२ साली संसदेपुढे आलेल्या अहवालात एकट्या गोव्यातील बेकायदा खाणकामाने सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज दिला. ओडिशातही खात्याकडे जमा असलेल्या उत्पादनाच्या आकड्यांची पर्यावरण परवान्यांतील मर्यादेशी तुलना झाली आणि २ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जादा काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत पट्टेदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०१६ पासून तर खाणपट्ट्याच्या हद्दीभोवती पाचशे मीटरच्या टापूवर उपग्रहाची नजर आहे. कोठे नवा खड्डा पडला की नागपूरला कळते. टनामागे स्वामित्वधन आहे, म्हणून टनाची तपासणी होते. विवरणपत्रातील कामगारसंख्येच्या रकान्यामागे खात्याचा एक पैसाही अडकलेला नाही, म्हणून त्या रकान्यात मालक जे लिहील ते खरे. उपग्रहाला खड्डा दिसतो. त्या खड्ड्यात उतरलेली बाई कोणाच्या हजेरीवर आहे, हे त्याला कसे दिसावे?

या न मोजण्याची किंमत कोण देतो, याचा दाखला नंदुरबार जिल्ह्याला लागूनच, नर्मदेच्या पलीकडे आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या जिल्ह्यांतील आदिवासी दुष्काळाच्या मागे लागून गुजरातेत गोध्रा परिसरातील क्वार्ट्झ दळणाऱ्या गिरण्यांत मजुरीला जात. काही महिने काम करून ते परतत. मग खोकला, धाप, अंग वाळणे. सरकारी दवाखान्यात क्षय म्हणून औषध दिले जाई, ते लागू पडत नसे, आणि पंचविशी-तिशीतली माणसे मरत. नवरा गेला, पाठोपाठ बायको गेली, भाऊ गेला, अशी घरेच्या घरे. गिरण्यांच्या वह्यांत त्यांची नावे नव्हती. वेतनचिठ्ठी नाही, ओळखपत्र नाही, हजेरीपुस्तकात अंगठा नाही. मालकांचे उत्तर सोपे होते : ही माणसे आमच्याकडे कधी कामालाच नव्हती. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर खरोखरच कोणीही मेलेले नव्हते.

मग ही माणसे मोजली कोणी? गावांनी मोजली. रोग्यांनी व त्यांच्या संघटनांनी पाड्यापाड्यांवर जाऊन कोण कोणत्या गिरणीत गेला होता, किती महिने होता, सोबत कोण होते, कधी आजारी पडला, कधी मेला, याच्या याद्या केल्या. एकाच्या कामाचा पुरावा म्हणजे दुसऱ्याची साक्ष, आणि तो दुसराही बहुधा मरणाच्या वाटेवर. या याद्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे गेल्या, सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या. अखेर ४ मे २०१६ रोजी २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने गुजरात सरकारला दिला. वर्षानुवर्षे कोणत्याही सरकारी पाहणीत नसलेली ही २३८ माणसे केवळ त्या याद्यांमुळे अस्तित्वात आली. मेल्यावर का होईना, ती मोजली गेली.

राजस्थानचा अनुभव याला जोडून पाहिला पाहिजे. ३ ऑक्टोबर २०१९ रोजी त्या राज्याने सिलिकोसिसविषयीचे धोरण जाहीर केले. प्रमाणित रोग्याला तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख व दरमहा पंधराशे रुपये निवृत्तिवेतन, असे त्याचे स्वरूप. रक्कम अपुरी आहे आणि ती मालकाच्या खिशातून सरळ येत नाही, हा आमचा आक्षेप कायम आहे. परंतु या धोरणात एक गोष्ट क्रांतिकारक नसली तरी योग्य होती. मालकाने कळवण्याची वाट न पाहता कामगाराने स्वतः येऊन आपली नोंद करावी, अशी सोय तीत होती. खाण कायद्याखाली सिलिकोसिसची सूचना देण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर होती, आणि त्या वाटेने खात्याकडे येणारी प्रकरणे थोडीच असत. नोंदीचा दरवाजा कामगाराला उघडताच एका राज्यात हजारोंनी रोगी पुढे आले. रोग एका वर्षात वाढला नव्हता. विचारणारा बदलला आणि ज्याला विचारले तोही बदलला.

सांख्यिकी हे नोकरशाहीचे काम आहे, आपण तिच्यात का पडावे, असे म्हणणारे काही कॉम्रेड आहेत. त्यांनी 'भांडवल'चा पहिला खंड पुन्हा उघडावा. मार्क्सने तो ग्रंथ ब्रिटिश संग्रहालयातील सरकारी निळ्या पुस्तकांवर आणि फॅक्टरी निरीक्षकांच्या अहवालांवर उभा केला. १८६६ च्या खाणविषयक संसदीय समितीपुढे खाणकामगारांनी दिलेल्या साक्षी, आणि त्या साक्षीदारांना अडचणीत आणण्यासाठी खाणमालक सभासदांनी विचारलेले आडवेतिडवे प्रश्न, त्याने जसेच्या तसे वाचकापुढे ठेवले. त्याआधी १८४२ साली इंग्लंडमध्ये बायकांना व दहा वर्षांखालील मुलांना भूगर्भात राबवण्यास बंदी आली, ती आयोगाच्या माणसांनी प्रत्यक्ष खाणींत उतरून मुलांना प्रश्न विचारल्यावर. भांडवलदारांच्याच राज्यात हे घडले, कारण विचारणारा कामगारापर्यंत पोहोचला. पुढे १८८० मध्ये मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी शंभरावर प्रश्नांची प्रश्नावली स्वतः तयार केली. उत्तरे फारशी आली नाहीत, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. नुसता कागद पाठवून माहिती येत नाही, ती आणावी लागते, असा त्याचा अर्थ आहे. लेनिनने रशियातील भांडवलशाहीच्या विकासाचे विवेचन केले ते झेम्स्त्वोंच्या सांख्यिकीच्या पोतडीतील आकडे उलटसुलट तपासून. सरासरीच्या आड लपलेला गरीब शेतकरी त्याने त्या आकड्यांतूनच बाहेर काढला.

म्हणून सरकारी पाहणीवर बहिष्कार हे आमचे धोरण असू शकत नाही. किंबहुना ही पाहणी क्षीण होऊ न देणे हे आज कामगारवर्गाचेच काम होऊन बसले आहे. व्याख्या बदलली तरी दहा कामगारांच्या जुन्या मर्यादेपर्यंतचे सर्व उद्योग वार्षिक पाहणीत राहिलेच पाहिजेत. यास कायद्याची अडचण नाही, २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने सरकारला त्यासाठी पुरेसे अधिकार दिलेले आहेत. शंखजिरे व सिलिका वाळू यांसह सर्व धुळीच्या खनिजांच्या खाणींनी, ती गौण असोत वा प्रमुख, कामगारांचे विवरणपत्र केंद्रीय खात्याकडे दिले पाहिजे. एखाद्या घटकाने दिलेली माहिती गुप्त राखण्याचे बंधन सांख्यिकी कायद्यात आहे, आणि मालकांच्या व्यापारी हिशेबापुरते ते समजण्यासारखे आहे. परंतु खाणीत किती माणसे आहेत हे गुपित कसले? ती माणसे रोज सकाळी सर्वांच्या देखत कामावर जातात. कामगारसंख्येचे पान खाणीच्या तोंडाशी फळ्यावर लागले पाहिजे, आणि जेथे युनियन आहे तेथे युनियनच्या सहीवाचून ते ग्राह्य धरले जाऊ नये. नागपूर, भंडारा व बालाघाटच्या मँगेनीज खाणींसारख्या सार्वजनिक क्षेत्रातील खाणींत ही मागणी आधी रेटता येईल. तेथे संघटना आहे, आणि कंत्राटदाराची माणसे कायम कामगारांच्या शेजारीच राबत असतात. कायम कामगारांच्या युनियनने ती मोजली नाहीत तर ती दुसरे कोणी मोजणार नाही, हे आपल्या काही युनियनना कडू लागेल, पण ते बोलले पाहिजे.

ही मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. खानदेशातील आणि सातपुड्यातील आपल्या शाखांना हे काम आज सुरू करता येईल. होळीच्या सुमारास मजुरीला गेलेली माणसे पाड्यांवर परततात. त्या आठ-दहा दिवसांत प्रत्येक शाखेने साधी वही घेऊन घरोघर जावे. गिरणीचे किंवा खाणीचे ठिकाण, मुकादमाचे नाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केले, कोणता दगड होता, तोंडावर बांधायला काही दिले होते का, मजुरी रोख की उचलीतून वळती, आणि सोबत काम करणाऱ्या निदान दोन माणसांची नावे व गावे, एवढे लिहून त्यावर सांगणाऱ्याचा अंगठा किंवा सही, तारखेसह, घ्यावी. ज्याला खोकला आहे त्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढून त्याची प्रत वहीला जोडावी. वहीची एक प्रत जिल्हा कचेरीत राहील. मूळ वही गावातच राहू द्यावी, कारण साक्ष देण्याची वेळ येईल तेव्हा ती गावालाच लागणार आहे.